म्हातारचळ म्हणण्याआधी



सोलापूरच्या पूर्व भागात घरोघर फिरताना एक वाक्य मला वारंवार ऐकायला मिळते. ‘ताई, तिला विचारू नका, तिला आता काही कळत नाही.’ ही ‘ती’ म्हणजे घरातली सासू, विधवा आत्या, नाहीतर थोरली जाऊ. बहुधा साठीच्या पुढची असते, कधी पन्नाशीचीही असते. सूप मांडीवर घेऊन दाराशी विड्या वळत बसलेली असते. बोटे थांबत नाहीत, मोजणीत चूक होत नाही, आणि घर म्हणते तिला कळत नाही. तिच्यासमोर बसून, माझे तोंड तिला नीट दिसेल असे धरून, सावकाश विचारले की पुष्कळदा उत्तर नेमके येते. कोणत्या ब्रँचला किती वर्षे काम केले, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद कुठे अडकला आहे, कोणती सून काय बोलली, हे सगळे तिला ठाऊक असते. तिला कळत असते. ऐकू मात्र येत नसते.

सगळ्याच जणींच्या बाबतीत असे असते असे मी म्हणत नाही. काहींना खरोखरच स्मृतिभ्रंश झालेला असतो; घरचा रस्ता विसरतो, मुलांची नावे विसरतात, गॅस चालू राहतो. पण ‘म्हातारचळ लागला’ असा निकाल देण्याआधी त्या बाईचा कान कोणीतरी तपासला आहे असे घर मला अजून फारसे भेटलेले नाही. कान आणि बुद्धी यांचा संबंध आता एवढ्या गैरसमजापुरता उरलेला नाही. ऐकू कमी येणे आणि पुढे स्मृतिभ्रंश होणे यांत नाते आहे असे गेल्या पंधरा वर्षांतले संशोधन सांगते आहे, आणि हे संशोधन आपल्या कामाशी फार जवळून निगडित आहे. म्हणून या वेळचे संपादकीय कानाविषयी.

२०११ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले डॉ. फ्रँक लिन आणि त्यांचे सहकारी यांनी ६३९ माणसांचा कित्येक वर्षे केलेला पाठपुरावा प्रसिद्ध केला. सुरुवातीला त्यांच्यापैकी कोणालाच स्मृतिभ्रंश नव्हता. नीट ऐकू येणाऱ्यांशी तुलना केली तर सौम्य बहिरेपण असलेल्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला, मध्यम बहिरेपणात तिप्पट आणि तीव्र बहिरेपणात जवळजवळ पाचपट. त्यानंतर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ असे तीन अहवाल दिले. तिसऱ्या अहवालात स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली आहेत. ही सगळी दूर करता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्यांचा अंदाज आहे. यांत मध्यम वयात ऐकू कमी येणे याचा वाटा ७ टक्के, म्हणजे वाढलेल्या कोलेस्टेरॉलच्या बरोबरीने सर्वांत मोठा.

ती यादी एकदा सगळ्यांनी वाचावी. कमी शिक्षण, ऐकू कमी येणे, कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला इजा, शरीराला हालचाल नसणे, मधुमेह, धूम्रपान, रक्तदाब, लठ्ठपणा, दारू, एकाकीपण, हवेचे प्रदूषण, नजर कमी होणे आणि त्यावर उपाय न होणे. डॉक्टरांनी ही रोगाची कारणे म्हणून मांडली. मला ती आपल्या वस्तीतल्या बाईच्या चरित्रासारखी वाटली. चौथीतून शाळा सुटली. एका खोलीत तंबाखूच्या धुळीत आयुष्य गेले. बसून बसून कंबर धरली. नवऱ्याने डोके भिंतीवर आपटले ते कुठे नोंदले गेले नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन ‘पुढच्या वर्षी’ राहिले. आपल्या देशात ६० वर्षांवरील माणसांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात दिला आहे. पुरुषांत ते ५.८ टक्के आहे आणि बायकांत ९ टक्के. याचे कारण फक्त बायका जास्त जगतात एवढेच असेल यावर माझा विश्वास नाही.

कानाचा आणि बुद्धीचा संबंध कसा लागतो, याबद्दल शास्त्रज्ञ तीन-चार गोष्टी सांगतात. अर्धवट ऐकू येणारे शब्द जुळवण्यातच मेंदूची शक्ती खर्च होते, मग लक्षात ठेवायला ती उरत नाही. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलण्यातून, बैठकीतून, लग्नकार्यातून अंग काढून घेतो आणि एकाकी होतो. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदूचा तो भाग वापराअभावी आक्रसतो. आणि रक्तदाब, मधुमेह यांसारखी काही दुखणी कान आणि मेंदू या दोघांनाही एकदमच पोखरतात. यांतले कोणते किती खरे, याचा अभ्यास चालू आहे. पण दुसरा मुद्दा समजायला आपल्याला अभ्यासाची गरज नाही. महिन्याच्या बैठकीला नेमाने येणारी, भांडून बोलणारी बाई हळूहळू मागे भिंतीला टेकून बसू लागते, मग येईनाशी होते, आणि विचारले तर सून सांगते, ‘आता तिला करमत नाही कुठं.’

यंत्र लावले की स्मृतिभ्रंश टळतो, असे मात्र कोणी सांगू लागले तर सावध व्हा. २०२३ साली अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ माणसांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. निम्म्यांना श्रवणयंत्र आणि ते वापरण्याचे मार्गदर्शन दिले होते, निम्म्यांना फक्त आरोग्याची माहिती. तीन वर्षांनी दोन्ही गटांच्या बुद्धीत एकंदरीने फरक दिसला नाही. पण आधीपासूनच जास्त धोका असलेली जी माणसे त्यात होती, वयाने मोठी, शिक्षण आणि उत्पन्न कमी, मधुमेह-रक्तदाब असलेली, एकटी राहणारी, आणि त्यांत बायका अधिक, त्यांच्यात बुद्धी ढासळण्याचा वेग ४८ टक्क्यांनी कमी झाला. एका चाचणीवरून फार मोठे बोलू नये हे खरे. तरी फायदा कोणाला झाला ते पाहा आणि आपल्या वस्तीत अशा किती जणी आहेत तेही पाहा.

आता मुद्दा असा की बाईचे बहिरेपण घराच्या ध्यानात का येत नाही. पुरुषाला ऐकू येईनासे झाले की त्याचे काम अडते, तो चिडतो, टीव्हीचा आवाज वाढवतो आणि घराला दखल घ्यावी लागते. बाईचे काम हातांचे. भाकरी, भांडी, विड्या, शिलाई यांना कान लागत नाहीत. तिचे मत विचारायचे नसते, मग ते विचारताना तिला ऐकू आले की नाही हा प्रश्न येतोच कुठे? आपल्या भाषेत ‘ऐकणे’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि बाईच्या वाट्याला बहुधा दुसराच येतो: सांगितले ते मुकाट्याने करणे. सून असताना तिने हाक ऐकली नाही तर ‘ही ऐकत नाही’, म्हणजे उद्धट आहे. सासू झाल्यावर ऐकली नाही तर ‘हिला कळत नाही’. कानाचा डॉक्टर या दोन्हींच्या मध्ये कुठेच येत नाही.

बायकाही लपवतात. चष्म्याची लाज आता गेली, कानातल्या यंत्राची गेली नाही. ‘बहिरी’ ही आपल्याकडे शिवीच आहे. शिवाय बहिरेपण बहुतेक वेळा एकदम येत नाही. आवाज येतो, शब्द फुटतात. ‘ऐकू येतंय की ताई, पण काय बोलले ते उमगत नाही,’ असे बायका म्हणतात. हे त्यांचे वर्णन अचूक आहे. मोठ्या आवाजाने कान खराब होतो तेव्हा उंच पट्टीचे सूर आधी जातात. आ, ओ हे स्वर ऐकू येत राहतात आणि स, श, त, क यांसारखी व्यंजने गळतात. साठ म्हटलेले आठ ऐकू येते. रेशनच्या दुकानात, ब्रँचमध्ये हिशोब देताना, डॉक्टर गोळ्या सांगत असताना या एका अक्षराची किंमत काय होते ते प्रत्येकीने मनाशी करून पाहावे.

मोठा आवाज म्हटला की शहरात हल्ली चर्चा होते ती मिरवणुकीतल्या डीजेची. व्हायलाच हवी. पण सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल ज्या मागांवर निघतात त्यांच्या आवाजाबद्दल मी अशी चर्चा ऐकलेली नाही. साध्या शटलच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० ते १०० डेसिबलच्या घरात जातो. आवाजाच्या प्रदूषणाबाबतच्या २००० सालच्या नियमांनी राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. डेसिबलचे गणित साधे बेरजेचे नाही. दहाने आकडा वाढला की आवाजाची शक्ती दहापट होते. माग चालवणारे बहुतेक पुरुष असतात, म्हणून या बहिरेपणाचा विचार झालाच तर तो पुरुष कामगाराचा होतो. त्याच शेडमध्ये कांड्या भरणारी, टॉवेलला शिलाई मारणारी बाई गृहीत धरली जात नाही. आणि पूर्व भागात कित्येक ठिकाणी शेड आणि घर यांच्यामध्ये एक भिंत असते, कधी तीही नसते. त्या भिंतीच्या अलीकडे बाई विड्या वळते, स्वयंपाक करते, बाळाला झोपवते. शेडमधला कामगार पाळी संपली की बाहेर पडतो. ती कुठे बाहेर पडणार?

कायद्याला हे माहीत नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात, ज्या रोगांची माहिती सरकारला देणे बंधनकारक आहे त्यांच्या यादीत आवाजामुळे आलेले बहिरेपण होते. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही ते आहे. नुकसानभरपाईसाठीच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीतही आवाजाने आलेल्या बहिरेपणाचे नाव आहे. पण याच नव्या संहितेने विजेवर चालणाऱ्या जागेला ‘कारखाना’ म्हणण्यासाठी लागणारी कामगारांची संख्या दहावरून वीस केली. सोलापुरातली किती छोटी शेडे या एका आकड्याने बाहेर पडतात, हे कामगार संघटनांनी मोजायला हवे. घरात विड्या वळणाऱ्या बाईपर्यंत तर हा कायदा पूर्वीही पोचत नव्हता.

बाईच्या कानाला इजा होण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते कारखान्याच्या यादीत सापडणार नाही. मराठीत त्याला ‘कानाखाली वाजवणे’ असे जवळजवळ विनोदी नाव आहे. उघड्या हाताचा जोरदार फटका कानावर बसला की कानाच्या नळीतली हवा दाबली जाते आणि पडदा फाटू शकतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना हे नेहमी दिसते. बाई मात्र ‘पडले’, ‘दाराचा कोपरा लागला’ असे सांगते. पुष्कळदा ती जातच नाही, घरचे तेल घालतात, पाणी जाते, कान वाहू लागतो आणि वर्षानुवर्षे वाहत राहतो. पडदा फाटला असेल तर कान कोरडा ठेवला की बहुतेक वेळा तो काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. तेल आणि औषधाचे थेंब मनाने घालणे हेच नडते.

आपल्या सल्ला केंद्रांतल्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट येथे मुद्दाम नोंदवते. एका कानाचे ऐकणे कायमचे जाणे ही कायद्याच्या दृष्टीने ‘गंभीर दुखापत’ आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये ते होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्येही आहे. म्हणून मारहाणीच्या तक्रारीत ‘चापट मारली’ एवढेच लिहून थांबायचे नाही. कोणत्या कानावर, कधी, त्यानंतर कानात शिट्टी वाजते का, रक्त किंवा पाणी आले का, ऐकू कमी येते का, हे विचारायचे आणि दोन-चार दिवसांच्या आत सरकारी रुग्णालयात कानाची तपासणी करून कागद घ्यायचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या अर्जालाही तो कागद जोडता येतो.

आता घरच्या घरी करायच्या चाचणीविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मोबाइलवरची एक श्रवणचाचणी आणली. मागे खरखर चालू असते आणि त्यातून आकडे ऐकून दाबायचे असतात. कल्पना चांगली आहे, आणि खरखरीत शब्द ओळखता येणे हीच तर खरी अडचण असते. पण आपल्या वस्तीत घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी आणि दुकानात कन्नड बोलणारी, शाळेचे तोंड न पाहिलेली बाई इंग्रजी आकडे ऐकून पडद्यावर बोट दाबू शकली नाही, तर नापास तिचा कान झाला की तिची शाळा? शिवाय मोबाइल आणि कानात घालायच्या वायरी जशा असतील तसा निकाल बदलतो. ज्या मुलींना जमते त्यांनी तो वापरावा, माझी हरकत नाही.

आपल्या गटांसाठी त्याहून जुनी आणि बिनखर्चाची कुजबुजीची चाचणी मला बरी वाटते. डॉक्टरही ती वापरत आले आहेत. बाईला खुर्चीवर किंवा पाटावर बसवायचे. आपण तिच्या मागे हातभर, म्हणजे साधारण दोन फुटांवर, उभे राहायचे. मागे अशासाठी, की आपले ओठ दिसता कामा नयेत. ऐकू न येणाऱ्या बायका ओठ वाचण्यात फार तरबेज असतात, स्वतःला न कळत. ज्या कानाची परीक्षा नाही तो कान तिने बोटाने दाबून हलकेच चोळत राहायचे. आपण श्वास पूर्ण सोडायचा आणि मग कुजबुजत तीन आकडे सांगायचे, तिच्या भाषेत: सात, दोन, नऊ. तिन्ही बरोबर सांगितले तर तो कान ठीक. नाही सांगता आले तर वेगळे तीन आकडे पुन्हा. सहांपैकी निदान तीन बरोबर यायला हवेत. मग दुसरा कान, नवे आकडे. आवाज चढवायचा नाही, दया दाखवायची नाही. सून चाचणी घेणार असेल तर तिला आधी शिकवावे लागते, कारण घरातल्या माणसाला मोठ्याने बोलायची सवय लागलेली असते.

ही चाचणी शांत जागी व्हावी लागते, आणि शांत जागा हीच आपल्याकडे दुर्मीळ. माग बंद असेल त्या सुट्टीच्या दिवशी करा. त्यातही सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागण्याआधी केली तर उत्तम, कारण दिवसभर गोंगाटात बसलेला कान काही तास बधिर राहतो आणि मग खरी स्थिती कळत नाही. चाचणीबरोबर चार साधे प्रश्न विचारावेत. चार जणी एकदम बोलत असताना समजते का? फोनवर बोलताना एकच कान वापरावा लागतो का? घरचे म्हणतात का की टीव्ही मोठा लावतेस? कानात सतत आवाज येतो का? पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकीची ही तपासणी व्हावी, ६४ वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी आणि त्यानंतर एक ते तीन वर्षांनी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. मागाच्या आवाजात काम करणाऱ्या बाईसाठी पन्नाशीची वाट पाहू नये असे मी म्हणेन.

ही चाळणी आहे, निदान नव्हे. आवाजाने नुकताच खराब होऊ लागलेला कान या चाचणीतून निसटूही शकतो. जिला आकडे सांगता आले नाहीत तिला बहिरी ठरवायचे नाही, तपासायला न्यायचे. कित्येकींच्या कानात नुसता मळ घट्ट झालेला असतो आणि डॉक्टरने तो काढला की पाच मिनिटांत जग परत येते. कोणाचा कान वाहत असतो, त्यावर उपचार आहेत. क्षयासाठी पूर्वी जी इंजेक्शने दिली जात त्यांतल्या काहींनी कान जातो, तेही विचारून घ्यावे. आणि एखादीला एका दिवसात, अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले तर ती तातडीची गोष्ट आहे, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. उशीर झाला तर ऐकणे परत येण्याची आशा कमी होते.

न्यायचे कुठे? सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, आहे. पण विडी वळणाऱ्या बाईचा सिव्हिलला गेलेला दिवस म्हणजे बुडालेली हजारी. कुंभारीला विडी कामगारांची कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये झाली, रे नगरमधल्या १५,००० घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. एवढी वस्ती शहराबाहेर गेली, तर कान तपासणारा माणूस महिन्यातून एकदा तरी तिकडे का जाऊ नये? आयुष्मान आरोग्य मंदिरांत द्यायच्या बारा प्रकारच्या सेवांत कान-नाक-घशाच्या साध्या तक्रारी, म्हाताऱ्यांची सेवा आणि मानसिक आरोग्य या तिन्ही आहेत. बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून आहे. आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचा जो तपासणी-फॉर्म भरतात त्यात ऐकायला त्रास होतो का, हा प्रश्न आहे. साठीपुढच्यांसाठी आणखी एक आहे: जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का? दोन्ही प्रश्न एकाच फॉर्मवर आहेत. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले तर दुसरा प्रश्न त्या बाईला ऐकू तरी आला का, हे कोणी पाहायचे? आणि हे पाहायला आशाताईला वेळ आणि मोबदला कोणी द्यायचा? तिच्या डोक्यावर आणखी एक काम फुकट टाकण्याची मागणी आपण करायची नाही.

अपंगत्वाच्या कायद्याने तर आपल्या बहुतेक जणींना दाराबाहेरच ठेवले आहे. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा अधिक ऐकणे गेले असेल तरच प्रमाणपत्राचा विचार होतो. जागतिक आरोग्य संघटना चांगल्या कानात ३५ डेसिबलच्या पुढे गेलेल्या बहिरेपणाला अडथळा आणणारे मानते. पस्तीस आणि साठ यांच्यामध्ये अडकलेली बाई रोज अडते, कागदावर मात्र धडधाकट असते. राज्य सरकारची २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरच्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये देते. श्रवणयंत्राच्या बाजारभावापुढे ही रक्कम किती पुरेल ते सांगायला नको. त्याच योजनेत लाभार्थ्यांपैकी ३० टक्के महिला असाव्यात असे म्हटले आहे. म्हाताऱ्यांत बायका निम्म्याहून जास्त, स्मृतिभ्रंश त्यांनाच जास्त, आणि वाटा तीस टक्के! हा आकडा कोणत्या हिशोबाने आला ते माहितीच्या अधिकारात विचारायला हरकत नाही.

सरकार जिथे पोचत नाही तिथे दुकान पोचते. ‘घरी येऊन मोफत श्रवणचाचणी’ अशा जाहिराती आता दिसतात. चाचणी मोफत असते, निकाल बहुधा यंत्र घ्या असाच असतो, आणि अलीकडे स्मृतिभ्रंशाची भीती घालून ते विकले जाते. एका बाईच्या मुलाने कर्ज काढून घेतलेले यंत्र मी पाहिले आहे. तिच्या कानात मळ होता. दुसऱ्या टोकाला शिबिरात फुकट मिळालेली यंत्रे ट्रंकेत पडून असतात, कारण आवाज जुळवून दिलेला नसतो, बॅटरी संपलेली असते, आणि पहिले काही आठवडे सगळे जग कर्कश वाटते हे कोणी सांगितलेले नसते. यंत्र देणे हे काम निम्मेच. उरलेले निम्मे सवय लावण्याचे आहे, आणि ते आपल्यासारख्या गटांना चांगले जमू शकते.

यंत्र नसतानाही घराला करता येण्यासारखे पुष्कळ असते. तोंडासमोर येऊन बोला, आधी नाव घ्या, ओरडू नका, टीव्ही बंद करा, एका वेळी एकानेच बोला. हे सांगताना सुनेवर आणखी एक ओझे टाकले जाऊ नये म्हणून मुलालाही बसवून सांगा. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या सेवेचे ७० टक्के तास जगभर बायकाच देतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब सांगतो. आज सुनेला शिकवलेली गोष्ट मुलाने शिकली नाही, तर उद्या हे तास कोणाच्या वाट्याला जातील ते उघड आहे.

या तिमाहीत प्रत्येक गटाने आपल्या बैठकीतल्या पन्नाशीपुढच्या बायकांची कुजबुजीची चाचणी करावी, आणि मागाशेजारी राहणाऱ्या किंवा शेडमध्ये काम करणाऱ्या सगळ्या वयाच्या जणींची. जमल्यास मोबाइलवर आवाज मोजून शेडच्या भिंतीजवळचा आकडाही टिपावा; तो काटेकोर नसतो, पण अधिकाऱ्याला नीट मोजायला बोलावण्यापुरता पुरेसा असतो. आम्हाला पाठवताना बाईचे नाव घालू नका. वय, काम, कोणता कान, किती वर्षांपासून, मार लागला होता का, कुठे तपासायला नेले आणि तिथे काय झाले, एवढे पुरे. जमा झालेली माहिती घेऊन पालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि कामगार खात्याकडे जायचे आहे. तारीख पुढच्या बैठकीत ठरवू. बैठकीत ज्या मागे बसतात, त्यांना या वेळी पुढे बसवा.